हिरवं दिसेपर्यंत

कारा-बुलुन जलमापन केंद्र
९ ऑक्टोबर, सोमवार

बेगायम यांस,

सकाळी आठला पाणी ९६ सेंटिमीटर. आकाश स्वच्छ. पहाटे दव गोठले होते. दुपारी मीरिमची इथली खोली आवरली. तिचे कपडे बायकांनी आधीच वाटून नेले आहेत, त्यामुळे आवरण्यासारखे फार नव्हते.

मी मीरिमचा थोरला भाऊ, सागिनबेक. दफनाच्या दिवशी तुम्ही बिश्केकहून आला होता. निळा रुमाल बांधलेली ती बेगायम, मीरिमच्या ऑफिसातली, असे शेजारणीने नंतर सांगितले. त्या दिवशी माझे कोणाशीच बोलणे झाले नाही. राग नसावा.

ऑफिसचा लॅपटॉप आमच्या गावच्या ड्रायव्हरच्या, मिर्झाकानच्या गाडीतून पाठवत आहे. चार्जर सोबत आहे. माउस सापडला नाही. मिर्झाकान सोमवारी आणि गुरुवारी बिश्केकला येतो आणि दुसऱ्या दिवशी परततो. उत्तर द्यायचे असल्यास त्याच्याकडेच द्या. फोनवर मला सध्या बोलता येत नाही.

लॅपटॉपखाली एक जाड वही होती. आतली पाने आकड्यांनी भरलेली आहेत. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात तीन वाक्ये आहेत: ‘आधी सगळ्यांचं आपल्यात घ्यायचं, मग आपलं सगळ्यांत घालायचं. लाल असताना वर काही टाकायचं नाही. हिरवं दिसेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.’ यातला प्रत्येक शब्द मला कळतो, पण वाक्ये कळत नाहीत. काय हिरवे दिसायचे असते? वही ऑफिसची असेल तर पुढच्या खेपेला पाठवतो. नसेल तर माझ्याकडे ठेवतो.

आणखी एक. ऑगस्टमध्ये ती मला म्हणाली होती, “माझं काम झालंय बायके, फक्त घालायचं राहिलंय.” काय आणि कुठे, हे मी विचारले नाही. दगडमातीचा लोंढा यायच्या आधी खालच्या गावांना कळावे यासाठी ती काही हिशोब बसवत होती, एवढे माहीत आहे. ते घातले गेले का? ३ नोव्हेंबरला तिचा चाळिसावा दिवस आहे. माणसे येतील, ती शहरात काय करत होती ते विचारतील. काम पूर्ण झाले असे सांगता आले तर बरे.

ती अचानक गेली, त्यामुळे या गोष्टी विचारायच्या राहिल्या.

सागिनबेक


बिश्केक
१२ ऑक्टोबर, गुरुवार

सागिनबेक बायके,

मीरिम माझी एजे होती, सख्ख्या थोरल्या बहिणीसारखी. म्हणून तिचे थोरले भाऊ, तिचे बायके, ते माझेही बायके. राग कसला? वही तुमचीच. ठेवा.

तुमचा प्रश्न मी ऑफिसात वाचून दाखवला. “काय हिरवे दिसायचे असते?” आमचं निम्मं आयुष्य त्या हिरव्याकडे बघण्यात जातं आणि कुणी कधी आम्हाला हे विचारलेलं नाही.

सांगते. आम्ही नऊजण मिळून एकच प्रोग्राम लिहितो. तुमच्यासारख्या सदुसष्ट केंद्रांचे आकडे त्यात येतात, त्यावरून इशारे जातात. प्रत्येकजण आपापल्या संगणकावर आपापला भाग लिहितो आणि मग तो सगळ्यांच्या सामायिक कोडात घालतो. घातला की मोठं यंत्र अख्खा प्रोग्राम पहिल्यापासून जुळवून बघतं आणि तो नीट चालतो का ते तपासतं. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. जुळलं तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं. नाही जुळलं तर लाल, आणि लाल म्हणजे नऊच्या नऊजण अडकले. तोवर नवीन काही बाहेर पाठवता येत नाही.

एजे आली तेव्हा आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस लाल असायचं. तिने ओश बाजारातून मेंढीच्या घोट्याचं एक हाड आणलं, मुलं खेळतात तसलं, लाल रंगवलेलं. ते खिळ्याला टांगलं. म्हणाली, ज्याच्या हातात हाड त्यानेच घालायचं, बाकीच्यांनी थांबायचं. हाड घ्यायच्या आधी सगळ्यांचं ताजं काम आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि आपलं त्याच्याशी जुळतं का ते घरच्या घरी बघायचं. घातल्यावर हिरवं होईपर्यंत उठायचं नाही. तासभर तरी लागतो. लाल झालं तर दहा मिनिटांत दुरुस्त करायचं, नाहीतर आपलं काढून घ्यायचं.

एर्किन बायके आमचे प्रमुख, पण त्यांनाही सोडायची नाही. ते एकदा मध्येच उठले.

“बसा खाली,” एजे म्हणाली.

“अगं, सामसा आणायला चाललोय. गरम संपतात.”

“मग घालायच्या आधी खायचे होते.”

“प्रमुख मी आहे का तू?”

“हाड तुमच्या हातात आहे, म्हणजे आत्ता प्रमुख हाड आहे. बसा.”

बसले बिचारे.

आता जे मला कळत नाही ते विचारते. हीच एजे, जी आम्हाला “रोज घाला, थोडं थोडं घाला” म्हणून ओरडायची, तिने जूनपासून स्वतःचं काहीच घातलं नाही. हाडाला हात लावला नाही. तिचं काम सर्व्हरवर वेगळं ठेवलेलं आहे, पूर्ण आहे, पण सामायिक कोडात त्यातली एक ओळही नाही. तिचं आमच्यातल्या कुणाशी बिनसलं होतं का? तुमच्याशी काही बोलली होती का?

चाळिसाव्याचं अवघड आहे, बायके. आम्ही जणू एकच शिर्डाक गालिचा नऊ जागी बसून शिवतोय. एकीने आपला तुकडा चार महिने घरी ठेवला, तर तोवर बाकीच्यांची नक्षी पुढे गेलेली असते, टोकं जुळत नाहीत. सुटे सुटे तुकडे करून, एकेक जुळवत घालावं लागेल. एर्किन बायके म्हणतात, वर्ष संपेपर्यंत गेलं तर ठीक, नाहीतर ते बाजूला ठेवून कुणीतरी नव्याने लिहायला घेईल. तसं मला होऊ द्यायचं नाही.

बेगायम


कारा-बुलुन
१६ ऑक्टोबर, सोमवार

बेगायम,

पाणी ९४. वारा. काल केंद्राच्या छपराचा पत्रा ठोकला.

तुमचे पत्र तीनदा वाचले. समजले. माझ्या आधी या केंद्रावर जो नोंद घेणारा होता तो दहा दिवसांचे आकडे एका बैठकीत भरायचा. प्रत्येक आकडा पटण्यासारखा असे, पण खालच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिला की नदी उताराला वर चढल्यासारखी दिसे. म्हणून तुम्ही म्हणता ते खरे असणार.

दोन गोष्टी विचारतो. यंत्राला नेमके कशावरून कळते की जुळले? आणि ते हिरवे म्हणाले म्हणजे बरोबरच असते, की फक्त एकमेकांशी जुळते? माझ्या कामात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिचे तुमच्यापैकी कोणाशी बिनसले होते असे मला वाटत नाही. तब्येत थोडी नरम होती, एवढेच.

मिर्झाकानने विचारले, “सागिन, आठवड्याला पत्र? कोणाला लिहितोस रे? लग्नबिग्न ठरवतोस की काय या वयात?”

“मीरिमच्या ऑफिसला लिहितो.”

मग त्याने पाकीट टोपीत ठेवले. तो महत्त्वाचे कागद टोपीत ठेवतो.

तरीही माझी विनंती आहे. काम चाळिसाव्याच्या आधी घालता आले तर पाहा. आणि तुकडे करू नका. तिने ठेवले आहे तसे, पूर्ण घाला. काय अडचण आहे ते तुम्ही समजावून सांगितले आहे, मला ते कळलेही आहे. तरी विनंती करतो.

सागिनबेक


बिश्केक
१९ ऑक्टोबर, गुरुवार

बायके,

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हिरवं म्हणजे एकमेकांशी जुळतं, आणि आम्ही जेवढं तपासायला सांगितलंय तेवढं बरोबर आहे. जे तपासायचं आम्हाला सुचलंच नाही त्याबद्दल यंत्र काही बोलत नाही. एर्किन बायके म्हणाले, “या माणसाला विचार, आमच्याकडे येतो का कामाला.”

ठीक आहे. तिसऱ्या तारखेच्या आधी घालते. पूर्ण, जसं आहे तसं.

बेगायम


कारा-बुलुन
६ नोव्हेंबर, सोमवार

बेगायम,

पाणी ८९. काठाला बर्फाची पट्टी धरली आहे.

चाळिसावा पार पडला. साठ-सत्तर माणसे होती. घोडा कापला. मुल्लाने वाचून झाल्यावर आमच्या चुलत्यांनी विचारले, पोरगी शहरात काय करायची? मी उभा राहून सांगितले, की वरच्या केंद्रांचे आकडे पाहून खालच्या गावांना इशारा देण्याचा हिशोब तिने बसवला, तो पुरा केला आणि तो आता सगळ्या देशासाठी चालू झाला आहे. मी एवढे कधी बोलत नाही. चुलते म्हणाले, “मग पुढच्या उन्हाळ्यात लोंढा आला तर आम्हाला मीरिम उठवणार म्हण की.” बायका रडल्या. तुमचे आभार.

आता एक शंका. एक तारखेपासून फोनवरच्या नोंदीत बर्फाच्या जाडीचा नवा रकाना येणार होता, तसे परिपत्रक होते. तो आलेला नाही. खालच्या केंद्रावर विचारले, त्यांनाही नाही. तक्रार नाही. जाडी मी कागदावर लिहून ठेवतो आहे. पण तुमचे पत्रही चार खेपांत आले नाही. मिर्झाकानला विचारले तर म्हणाला, “मी गेलो होतो रे तुझ्या त्या ऑफिसात. ती पोरगी म्हणाली, आज नाही, पुढच्या वेळी. डोळे सुजलेले होते.” सगळे ठीक आहे ना?

सागिनबेक


बिश्केक
९ नोव्हेंबर, गुरुवार

सागिनबेक बायके,

काही ठीक नाही. सरळच लिहिते.

तुम्ही चाळिसाव्याला जे सांगितलंत ते त्या दिवशी खरं नव्हतं. दोष माझा.

३१ ऑक्टोबरला, मंगळवारी दुपारी, मी हाड घेतलं आणि एजेचं सगळं काम एकदम घातलं. आधी माझ्याकडे जुळवून बघितलं होतं, पण अर्धवटच. तिथेच इतक्या गाठी दिसल्या की मी त्या वरवर सोडवल्या आणि स्वतःला म्हटलं, बाकीचं घातल्यावर बघू. एजे असती तर तिने मला खोलीबाहेर काढलं असतं. सात मिनिटांत लाल झालं. एकशे अठरा चुका. जूननंतर आम्ही केंद्रांच्या नोंदी साठवायची पद्धतच बदलली आहे आणि एजेचा कोड ठिकठिकाणी जुन्या पद्धतीने नोंदी मागत होता.

नियम सोपा आहे, दहा मिनिटं आणि मग बाहेर. मला ते बाहेर काढवेना. तीन तारीख डोळ्यांसमोर होती. आणि खरं सांगायचं तर ते काढणं म्हणजे तिलाच पुन्हा बाहेर काढणं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी दोन दिवस एकेक चूक दुरुस्त करत राहिले, एक मिटवली की तीन नव्या. बाकी आठजण हात बांधून. तुमचा बर्फाचा रकाना त्यातच अडकला. गुरुवारी एर्किन बायके खुर्ची ओढून शेजारी बसले.

“बेगायम, काढ ते बाहेर.”

“दहा मिनिटं द्या, बायके.”

“दहा मिनिटं मंगळवारीच संपली.”

त्यांनी स्वतः काढलं. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. रकाना आता उद्या येईल.

आणखी एक सांगायचं राहिलंय. जुलैमध्ये मी सगळ्यांसमोर एजेला टोमणा मारला होता. “एजे, हाड चावतं का तुला? का आमच्यात मिसळायची लाज वाटते?” सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, “माझं अजून कच्चं आहे गं.” आता मी तिचं काम ओळ न ओळ वाचलंय. जुलैतलं काहीही कच्चं नव्हतं.

तिने काम कोणत्या दिवशी साठवलं त्या तारखा सर्व्हरवर आहेत. त्या मी बघत बसते. दोन-अडीच आठवडे रोज काम, मग चार-पाच दिवस काहीच नाही. पुन्हा तसंच. हे खंड १५ जून, ६ जुलै, २७ जुलै, १७ ऑगस्ट या दिवशी सुरू होतात. ७ सप्टेंबरनंतर जवळजवळ काहीच नाही. त्या दिवसांत ती घरून काम करते म्हणायची. बायके, ती तेव्हा कुठे जायची?

बेगायम


कारा-बुलुन
१३ नोव्हेंबर, सोमवार

बेगायम,

पाणी ८७. रकाना शुक्रवारी आला. कागदावरचे जाडीचे आकडे त्यात भरले.

आता तुला ‘तू’ म्हणतो. तूही सरळ लिहिलेस.

तुझ्या तारखा मी कपाटातल्या चिठ्ठ्यांशी लावून पाहिल्या. १५ जून, ६ जुलै, २७ जुलै, १७ ऑगस्ट, ७ सप्टेंबर. सगळ्या जुळल्या. ती रुग्णालयात जायची. दर एकवीस दिवसांनी औषध चढवायचे. मी आदल्या दिवशी इथून बिश्केकला येऊन तिला घेऊन जात असे. माझी सुट्टी खालच्या केंद्राचा माणूस भरून काढायचा. ती अचानक गेली असे मी तुला लिहिले, ते खरे नव्हते. तिने मला शपथ घातली होती की ऑफिसला कळू द्यायचे नाही. “त्यांना कळलं तर माझं काम लगेच आपसांत वाटून घेतील, प्रेमाने वाटून घेतील. मग मी दिवसभर काय करू, बायके?” असे म्हणाली. ती गेल्यावरही ती शपथ मोडावी की नाही हे मला ठरवता येत नव्हते. आज मोडतो.

एक प्रसंग लिहितो. दुसऱ्या खेपेला आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. तिने थर्मासचे झाकण उघडले आणि तसेच हातात धरून बसली. मी विचारले, काय झाले?

“काही नाही. ऑफिसात एक काम आहे, ते केल्यावर तासभर जागेवरून हलायचं नसतं.”

“मग बस की तासभर.”

“बसेन याची खात्री देता येत नाही ना आता. मध्येच उलटी झाली तर? घरी जावं लागलं तर? मग ते लाल ठेवून मी निघून जाणार आणि बाकीचे निस्तरत बसणार.”

“मग?”

“मग काही नाही. ज्याच्यापाशी थांबता येणार नाही ते हातात घ्यायचं नाही.”

मला वाटले ती काही दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते आहे. मी विषय बदलला. आज तुझ्या पत्रामुळे कळले की ती त्या हाडाबद्दल बोलत होती. तिचे कोणाशी बिनसले नव्हते. टोमण्याचे मनाला लावून घेऊ नकोस. घरी येऊन तिने मला तो सांगितला होता आणि हसली होती. “पोरगी आता माझ्यासारखीच बोलते,” म्हणाली. ही पोरगी कोण, हे मी तेव्हा विचारले नाही.

तुकडे करू नका असे मी लिहिले होते, ते विचार करून लिहिले नव्हते. तिचे आणखी काही तोडलेले मला पाहवले नसते. पण ते तिच्याच नियमाविरुद्ध होते, आणि त्याची किंमत तुम्ही नऊजणांनी दिली. तुकडे कर. जेवढे लागतील तेवढे कर. चाळिसाव्याला मी जे बोललो ते माझ्याकडे राहू दे. ते खरे करायला अजून वेळ आहे.

सागिनबेक


बिश्केक
३० नोव्हेंबर, गुरुवार

सागिनबेक बायके,

तुमचं पत्र मी एकटीने वाचलं आणि मग तुमची परवानगी न विचारता एर्किन बायकेंना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि सगळ्यांना बोलावून एवढंच म्हणाले, “ती बसू शकत नव्हती. आपण बसू. पाळी लावा.”

एजेच्या कामाचे त्रेचाळीस तुकडे झाले. प्रत्येक तुकडा एवढा लहान, की एका बैठकीत वाचून कळेल. प्रत्येकावर तिचंच नाव आहे. रोज तीन-चार घालायचे. ज्याची पाळी त्याने आधी सगळ्यांचं ताजं आपल्याकडे घ्यायचं, जुळवायचं, तपासायचं, मग हाड, मग खुर्ची. एकदाच लाल झालं, अकरावा तुकडा, तिलेकच्या पाळीत. नवव्या मिनिटाला त्याने काढून घेतला, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घातला. कुणाचं काही अडलं नाही. मी हे शिकायला दोन दिवस आणि एकशे अठरा चुका घालवल्या!

एर्किन बायकेंच्या पाळीत त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज एवढा मोठा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कुठे आहात?”

“खुर्चीत.”

“पाहुणे येऊन बसलेत. उठा.”

“हिरवं नाही झालं.”

“काय नाही झालं? कोण बसलंय शेजारी?”

“कुणी नाही. हाड आहे.”

घरी गेल्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

बेचाळीस तुकडे आत गेलेत. सगळं हिरवं. त्रेचाळिसाव्यावर मी थांबले आहे, कारण तो तुमच्याबद्दल आहे.

तो अगदी चिमुकला आहे. कारा-बुलुन केंद्राचा आकडा आला की त्यातून चार सेंटिमीटर वजा करायचे, एवढंच तो करतो. त्याच्या वर एजेने आमच्यासाठी सूचना लिहून ठेवली आहे, ती जशीच्या तशी देते: ‘पुरानंतर इथला खांब चार सेंटिमीटर खचला आहे, म्हणून पाणी चारने जास्त दिसतं. पण बायके मनातल्या मनात चार वजा करूनच लिहितो. दोघांनी वजा केलं तर आठ जातील आणि यंत्र तरीही हिरवंच दाखवेल. आधी त्याला सांगायचं, मग हे घालायचं. तो कधी निवृत्त झाला आणि नवीन माणसाला हे माहीतच नसलं तर?’

बायके, हे खरं आहे का? तुम्ही पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, हिरवं म्हणजे बरोबर, की फक्त जुळलेलं? एजेने त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. तुम्ही सांगितल्याशिवाय मी याला हात लावणार नाही.

बेगायम


कारा-बुलुन
४ डिसेंबर, सोमवार

बेगायम,

पाणी ८५. म्हणजे खांबावर ८९.

खरे आहे. तेरा वर्षांपूर्वीच्या पुरात एक मोठा दगड येऊन खांबाला टेकला. पाणी उतरल्यावर मी काठावरच्या खुणेवरून मोजले, तेव्हा खांब चार सेंटिमीटर खाली बसला होता. वर दोनदा लिहिले. माणूस येईल म्हणाले. आला नाही. तेव्हापासून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, मी चार वजा करतो. हे कोणाला सांगितल्याचे मला आठवत नव्हते. काल विचार करत बसलो तेव्हा आठवले. ती कॉलेजात होती, सुट्टीला आली होती. चहा पिताना मी सहज बोलून गेलो. ती तेव्हा दुसरेच काही वाचत होती. तिने ऐकले हेही मला कळले नव्हते.

मला सांगायचे तिचे राहून गेले. की सांगवले नाही, कोण जाणे. निवृत्तीचा विषय निघाला की मी उठून जात असे.

आता कामाचे. हे नोंदीच्या मध्ये कधीही घालून चालणार नाही. रविवारी, १० तारखेला, संध्याकाळी आठचा आकडा मी शेवटचा वजा करून लिहीन. सोमवारी सकाळी आठला जे दिसेल ते लिहीन. तू त्या दोन्हींच्या मध्ये घाल. हिरवे झाले की फोनवर एक शब्द पाठव. शब्द आला नाही तर मी पूर्वीप्रमाणेच लिहीन आणि आपण दुसरा दिवस ठरवू. जुने आकडे बरोबर आहेत, माझ्या सुट्टीत दुसऱ्याने लिहिलेलेही मी परतल्यावर दुरुस्त केले होते, त्यांना हात लावू नका.

खांब खचलेला आहे हे आता तुमच्या प्रोग्रामला माहीत असेल. मी नसलो तरी.

सागिनबेक


कारा-बुलुन
११ डिसेंबर, सोमवार

बेगायम,

मिर्झाकान आज लवकर, साडेआठला निघणार आहे, म्हणून पत्र आधीच लिहून ठेवतो. शेवटच्या ओळी खाली नदीवर जाऊन आल्यावर लिहीन.

काल संध्याकाळी पाणी ८४, वजा करून. त्यानंतर तेल तापवून बोरसोक तळले, थोडे जास्तच झाले. एक पुडके तुम्हा सगळ्यांसाठी पाठवतो आहे. खुर्चीत बसल्या बसल्या खाता येतात, असे एर्किन यांना सांग.

तिची वही मी नोंदवहीच्या शेजारी ठेवली आहे. केंद्रावर माझ्यानंतर जो येईल त्याला तिचे पहिले पान दाखवीन. त्याला प्रोग्रामचे काही कळायला हवे असे नाही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी तुझा शब्द आला. तू तिथे किती वाजता येऊन बसली असशील याचा हिशोब केला. उत्तर पाठवायला मला फोनवर अक्षरे सापडेनात, म्हणून इथे लिहितो: मिळाला.

खालून आलो. पहार नेली होती. खांबाजवळ मोजण्यासाठी ठेवलेल्या भोकावर रात्रीत बर्फ धरले होते, ते फोडले, तुकडे बाजूला काढले, पाणी शांत होईपर्यंत थांबलो. बर्फाची जाडी नऊ सेंटिमीटर. खांबावर अठ्ठ्याऐंशी दिसत होते. मनात सवयीने चौऱ्याऐंशी झाले. पेनचे टोक गोठले होते, ते तोंडाजवळ धरून ऊब दिली आणि नोंदवहीत अठ्ठ्याऐंशी लिहिले.